अक्काच्या दाढेतली वर्षं

माझ्या बहिणीचं मनगट मोडलं ते फ्रिजचं दार उघडताना. ती पडली नव्हती, घसरली नव्हती. दाराचं रबर जरा चिकटलं होतं, तिनं हिसका दिला आणि मनगटात वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला. दाजींनी मला फोन केला. दाजी म्हणजे तिचा नवरा, सन्मती चौगुले. मी तिचा धाकटा भाऊ, अभिनंदन मगदूम.

"अभिनंदन, हिनं परत काहीतरी करून घेतलंय," ते म्हणाले.

त्या ‘परत’ची आम्हा सगळ्यांनाच सवय झाली होती.

ही गोष्ट २०४१ सालच्या फेब्रुवारीतली. अक्का तेव्हा अठ्ठावन्न वर्षांची होती. तिचं नाव त्रिशला, पण माझ्यासकट सगळं गोत तिला अक्काच म्हणतं. ती जयसिंगपूरला राहायची, मी मिरजेत. मिरजेत दर चौथ्या दारावर डॉक्टरची पाटी, त्यामुळे रक्त तपासणाऱ्याला कामाची ददात नाही. मी तेच काम तीस वर्षं करत आलोय. माझी स्वतःची लॅबोरेटरी आहे.

हाडांच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातलं आणि म्हणाले, "एवढ्याशानं मनगट मोडत नाही. कॅल्शियम बघून घ्या." मी घरचाच माणूस, रक्त मीच काढलं. आकडा आला बारा पूर्णांक एक. साडेदहाच्या वर तो जायला नको. मशीन चुकलं असेल म्हणून मी पुन्हा लावलं. तेच आलं. मग पॅराथायरॉईड हार्मोन तपासलं. ते असायला हवं त्याच्या चौपट होतं.

ग्रंथींच्या आजारांच्या डॉ. नसीमा मुल्ला माझ्या ओळखीच्या. त्यांनी कागदावर मानेची आकृती काढून तिच्यात पेनानं चार ठिपके दिले.

"थायरॉईडच्या मागं या चार ग्रंथी. तांदळाच्या दाण्याएवढ्या. रक्तातल्या कॅल्शियमवर लक्ष ठेवायचं, एवढंच यांचं काम. कमी झालं की या हार्मोन सोडतात, मग हाडं थोडं कॅल्शियम देतात आणि किडन्या ते वाया जाऊ देत नाहीत. पुरेसं झालं की ग्रंथी गप्प. गिझरचा थर्मोस्टॅट असतो ना, तसं. तो बंदच होईनासा झाला की हा आजार."

मला हे पुस्तकातून माहीत होतं. पण त्या पुढं जे म्हणाल्या त्याकडं मी कधी लक्ष दिलं नव्हतं. हाडं झिजतात, खडे होतात, पोट बिघडतं, हे डॉक्टरांच्या ध्यानात येतं. माणूस बदलतो, ते घरच्यांनाच दिसतं, आणि ते त्याला आजार म्हणत नाहीत. माणूस थकतो, चिडतो, विसरतो, बसल्याजागी रडायला लागतो. घरचे म्हणतात, स्वभाव बिघडला.

"पण ग्रंथी अशी वेड्यासारखी का वागायला लागते?" मी विचारलं.

"बहुतेक वेळा चारांतल्या एकीत साधी गाठ होते. कॅन्सर अगदी क्वचित. गाठ काढली की संपलं. काही घराण्यांत हे वारशानं येतं, तेव्हा चारही वाढतात. कधी ड जीवनसत्त्व वर्षानुवर्षं कमी असतं, किंवा किडन्या थकलेल्या असतात. मग कॅल्शियम टिकवायला या बिचाऱ्या राबराबून फुगतात. लहानपणी मानेला किरणोपचार झाले असले तर तेही एक कारण. आणि..." त्यांनी अक्काची फाईल उलटली. "या लिथियमवर आहेत? मनाच्या आजारासाठी?"

"हो. अठरा वर्षं."

"मग तेही असू शकतं. काही जणांत लिथियम त्या थर्मोस्टॅटचा आकडाच वर सरकवतं. कॅल्शियम भरपूर असलं तरी ग्रंथीला कमीच वाटत राहतं. औषध वाईट नाही, उलट ज्यांना लागतं त्यांचे जीव त्यानं वाचलेत. फक्त वर्षातून एकदा कॅल्शियम बघायचं असतं."

मी कागदावरचे चार ठिपके बघत राहिलो.

स्कॅनमध्ये एकही गाठ नीट दिसत नव्हती. एक ग्रंथी बिघडलीय की जास्त, याचा अंदाज आला तर मान किती उघडायची ते सर्जनला ठरवता आलं असतं. डॉ. मुल्लांनी विचारलं, "दात काढायचा आहे का त्यांचा एखादा? तुमच्याकडं वलयवाचक आलाय ना?"

अक्काची खालची दाढ दिवाळीपासून हलत होती.

वलयवाचक आमच्याकडं येऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. दाताच्या मुळावर दरवर्षी एक बारीक थर चढतो, झाडाच्या बुंध्यात चढतो तसा. तो थर पुन्हा विरघळत नाही. त्या वर्षी रक्तात जे काही फिरत होतं त्याचा अंश त्यात कायमचा अडकून राहतो. यंत्र मुळाची केसाहून पातळ चकती कापतं, लेझरनं एकेक वलय खरवडतं आणि त्यातले अणू वजनाप्रमाणं वेगळे करतं. कॅल्शियमचे हलके आणि जड असे प्रकार असतात. हाड बांधलं जाताना हलकं कॅल्शियम जास्त घेतलं जातं. हाड झिजायला लागलं की तेच हलकं कॅल्शियम रक्तात परत येतं आणि त्या वर्षाच्या वलयात उतरतं. म्हणजे कुणाची हाडं कोणत्या वर्षी झिजायला लागली ते दात सांगतो. शिसं, पारा, लिथियम, सगळ्याची नोंद तिथं असते.

यंत्र आणलं होतं कारखान्यांतल्या कामगारांसाठी, कुणाच्या अंगात कधीपासून शिसं जातंय ते बघायला. पण वर्षभरात वेगळीच माणसं येऊ लागली. कौटुंबिक न्यायालयात वलयांचा दाखला चालायला लागला होता. सासूची दाढ घेऊन सुना यायच्या, घटस्फोटित नवऱ्याचा दात घेऊन वकील यायचे. सगळ्यांना एकच हवं असायचं, की जे झालं ते त्या माणसानं केलं नाही, त्याच्या रक्तानं केलं. पुष्कळांना ते मिळायचंही. अशा दाखल्यानंतर पंधरा वर्षांनी एकमेकांशी बोललेले भाऊ मी माझ्या लॅबच्या बाकावर पाहिले आहेत.

इचलकरंजीचे एक गृहस्थ मात्र मला विसरता येत नाहीत. त्यांचे वडील बॅटरीच्या कारखान्यात होते आणि घरात सगळ्यांना मारायचे. त्यांचा दात आईनं जपून ठेवला होता. शिसं निघेल असं मलाही वाटलं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी वलयं स्वच्छ निघाली.

"म्हणजे ते तसेच होते," ते म्हणाले. त्यांनी दात रुमालात गुंडाळला आणि आभार मानून गेले.

अक्काची दाढ यंत्रात लावताना मला काय वाटत होतं, ते सांगायचं तर २०२३ साल सांगावं लागेल.

अक्का तेव्हा चाळीस वर्षांची होती, शाळेत मराठी शिकवायची. तिच्या संस्थेची एक शाळा चंदगडला होती, तिथं मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली आणि अक्काला विचारणा झाली. तिनं घरी विचारायच्या आधीच होकार कळवला. दाजी नको म्हणाले. ते वाईट माणूस नाहीत, हातही उगारणारे नाहीत. फक्त नको म्हणाले, आणि आपण नको म्हटल्यावर विषय संपतो असं त्यांना मनापासून वाटायचं.

अक्काचा विषय संपला नाही. ती अन्विताला घेऊन एकटी जाईन म्हणाली. अन्विता तिची मुलगी, तेव्हा बारा वर्षांची. अक्कानं दोन गाद्या आणि एक शेगडी विकत घेतली. रात्र रात्र जागून सगळ्या पाहुण्यांना पत्रं लिहिली, की माझी बाजू समजून घ्या. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, कुणाच्या तरी व्रताच्या उद्यापनाला चारशे माणसं जमली होती, तिथं ती उभी राहून मोठ्यानं बोलली. एकदा ताट भिंतीवर फेकलं.

आता माझी अडचण. आमच्याकडं साटंलोटं झालेलं. माझी बायको पद्मश्री ही दाजींची सख्खी बहीण. अक्का चौगुल्यांच्या घरातून निघाली असती तर पद्मश्रीला मगदुमांच्या घरात कोण राहू देतंय, असं तिच्या आईनं मला समोर बसवून सांगितलं होतं. आमचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती. माझं पद्मश्रीवर प्रेम होतं, आजही आहे.

आम्ही अक्काला सांगलीच्या एका वयस्क मनोविकारतज्ज्ञाकडं नेलं. अक्का आत बोलून बाहेर आली, मग मला बोलावलं. डॉक्टर शांत होते, घाई करणारे नव्हते. झोप किती, खर्च किती, सगळं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, झोपत नाही, भरमसाट खरेदी करते, पत्रं लिहिते, मोठमोठ्या गोष्टी बोलते. यातलं काहीच खोटं नव्हतं, फक्त भरमसाट खरेदी म्हणजे दोन गाद्या आणि एक शेगडी, हे मी सांगितलं नाही. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "असं आधी कधी झालं होतं?"

बी.ए. झाल्यावर अक्काला एम.ए. करायचं होतं आणि आमचे वडील, अण्णा, नको म्हणत होते. तेव्हा तिनं चार दिवस अन्न घेतलं नव्हतं. पाचव्या दिवशी अण्णांनी फॉर्मवर सही केली. एवढंच झालं होतं. ती चारही दिवस शांतपणे पुस्तक वाचत बसली होती.

मी म्हणालो, "हो. कॉलेजात असताना. चार दिवस जेवली नाही, झोपली नाही. सारखी बडबडत होती."

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. त्या ओळीवर निदान झालं, बायपोलर, म्हणजे मनाच्या टोकाच्या चढउतारांचा आजार. त्यांच्या जागी कुणीही असतं तर तेच केलं असतं.

लिथियम सुरू झालं आणि घर शांत झालं. चंदगडची जागा दुसऱ्याला मिळाली. अक्का शाळेत जायची, पण फळ्यावर तिचं अक्षर थरथरायचं आणि पोरं हसायची. तीन वर्षांनी ते डॉक्टर निवृत्त झाले. नव्या डॉक्टरकडं नेऊ नेऊ म्हणत राहून गेलं. दर सहा महिन्यांनी मीच अक्काचं रक्त काढायचो, लिथियमची पातळी, थायरॉईड आणि किडनी तपासायचो, आकडे ठीक असले की जुन्या चिठ्ठीवर ओळखीच्या मेडिकलमधून गोळ्या आणून द्यायचो. आपण बहिणीची किती काळजी घेतो असं मला वाटायचं.

पुढं ती खरंच बिघडली. चिडचिड, रडणं, विसरणं, हातपाय दुखतात म्हणून दिवसभर पडून राहणं. दोनदा खडे झाले. एक्कावन्नाव्या वर्षी तिनं नोकरी सोडली. अन्विताच्या साखरपुड्यात ती व्याह्यांसमोर नको ते बोलली आणि आत जाऊन झोपली. त्यानंतर अन्विता पुण्याहून येईनाशी झाली. आम्ही सगळे म्हणायचो, बघा, आजार किती खोल होता.

म्हणून दाढ यंत्रात लावताना माझ्या मनात एकच मागणं होतं. हलकं कॅल्शियम २०२३च्या आधीपासून वाढलेलं निघावं. मग ताट फेकणारी, पत्रं लिहिणारी अक्का म्हणजे तिच्या मानेतली एक गाठ ठरली असती. मी डॉक्टरांना खोटं सांगितलं खरं, पण आजार तर होताच ना, असं मला म्हणता आलं असतं.

आलेख पडद्यावर यायला दोन तास लागले. जन्मसाल घालून यंत्र वलयं मोजत गेलं. २०१९ सपाट. २०२१ सपाट. २०२३चं वलय मी मोठं करून पाहिलं. कॅल्शियम अगदी जिथल्या तिथं. वलयाच्या शेवटच्या पट्ट्यात, पावसाळा सरतानाच्या दिवसांत, लिथियमची रेघ उठलेली, आणि तिथून ती कधी खाली आली नाही. पुढची सात वर्षं कॅल्शियम सपाटच. मग २०३०च्या सुमाराला ते हळूहळू चढायला लागलेलं, चढतच गेलेलं.

मी दुसरी चकती कापली. पुन्हा दोन तास. तोच आलेख.

एक खरं, की मन बिघडल्याची खूण दातात उमटत नाही. २०२३चं वलय एवढंच सांगत होतं, की तेव्हाचा तिचा राग कॅल्शियमचा नव्हता. तो कशाचा होता हे सांगायला यंत्राची गरज नव्हती. ते मला पहिल्यापासून माहीत होतं.

डॉ. मुल्लांनी आलेख बराच वेळ पाहिला. "लिथियममुळंच दिसतंय. म्हणजे एकापेक्षा जास्त ग्रंथी असू शकतात. सर्जनला चारही बघायला सांगते." मग त्यांनी चष्मा काढला. "दर सहा महिन्यांनी रक्त तपासलं जात होतं म्हणता. कुणाकडं?"

"माझ्याकडंच."

"कॅल्शियम?"

"नाही."

"अकरा वर्षं चढत होतं, अभिनंदन."

"हो."

त्या आणखी काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. माझ्या मशीनमध्ये कॅल्शियमचं रसायन कायम भरलेलं असतं. तिच्याच नळीतला एक थेंब लागला असता.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. दोन ग्रंथी वाढलेल्या निघाल्या, त्या काढल्या. ऑपरेशन चालू असतानाच हार्मोन तपासतात, ते टेबलावरच खाली आलं. मिरजेतल्या नव्या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी अक्काशी तीन बैठका केल्या आणि लिथियम अगदी सावकाश, महिन्यामहिन्यानं कमी करायचं ठरवलं. फाईलमधली कॉलेजची नोंद वाचून त्या म्हणाल्या, "ही एक ओळ नसती तर मी या निदानाबद्दल आधीच शंका घेतली असती."

अक्का इतक्या भराभर सुधारली की बघवेना. दुसऱ्या आठवड्यात तिनं पेपर सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. महिन्यानं ती जिना चढून गच्चीवर गेली. शेजारच्या मुलीच्या निबंधातल्या चुका काढून दिल्या. दाजी सगळ्यांना सांगत सुटले, "आजारच होता बघा. मानेत गाठी होत्या. त्या बिचारीची काही चूक नव्हती." त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. घरानं ती गोष्ट लगेच उचलली. त्या गोष्टीनं सगळ्यांचंच भलं होत होतं.

अन्विता पुण्याहून आली. सहा वर्षांनी आईच्या शेजारी झोपली. मी खोलीत होतो तेव्हा ती म्हणाली, "आई, लहानपणी तू मला घेऊन जायला निघाली होतीस ना, मला किती भीती वाटायची तुझी. आता कळतंय. ती तू नव्हतीसच."

अक्का तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. मग तिनं माझ्याकडं पाहिलं, आणि मी खिडकीबाहेर पाहिलं.

घरी येऊन मी पद्मश्रीला सगळं सांगितलं. सांगलीचे डॉक्टर, त्यांचा प्रश्न, माझं ‘हो’. अठरा वर्षांत पहिल्यांदा. ती भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"वहिनींना सांगणार तुम्ही?"

"सांगायला नको?"

"लेक परत आलीय त्यांची. दादा त्यांना फुलासारखं जपायलाय. एवढं सगळं जुळून आलंय, ते मोडून काय मिळणाराय तुम्हाला? तुमचं मन हलकं होईल, एवढंच की."

ती चुकीचं बोलत नव्हती. मी पंधरा दिवस काही केलं नाही. मग अक्काचाच फोन आला. "नंदू, माझ्या दाढेचा कागद मला कुणी दाखवलाच नाही. घेऊन ये."

मी दुपारी गेलो. दाजी दुकानात होते. अक्कानं ताक दिलं आणि चष्मा लावून आलेख समोर घेतला. मी तिला वलयं कशी वाचायची ते सांगितलं. तिला वेळ लागला नाही. तिनं २०२३वर बोट ठेवलं.

"इथं काहीच नाही."

"नाही."

"आणि ही रेघ गोळ्यांची."

"हो."

"म्हणजे आधी गोळ्या, मग हे." ती बराच वेळ बोट न उचलता बसली. "पण नंदू, मूळ आजार असेलच की. कॉलेजातपण झाला होता म्हणतात. डॉक्टरांनी शोधून काढलं होतं."

तेव्हा मला कळलं, की ते डॉक्टरांनी शोधून काढलं असं ती अठरा वर्षं मानत होती.

मी सांगितलं. जसं झालं तसं, साटंलोट्याच्या भीतीसकट. माझं संपल्यावर ती उठली, ताकाचा पेला विसळून पालथा घातला आणि माझ्याकडं पाठ करूनच बोलली.

"मी आठवायची रे. कितीदा आठवायची. तेव्हा मी पुस्तक वाचत बसले होते असंच आठवायचं. मग वाटायचं, वेड्या माणसाला आपलं वेड कुठं आठवतं? म्हणजे आपली आठवणसुद्धा खोटी." तिनं हात पदराला पुसले. "अन्विताचा दहावीचा निकाल लागला ना, मला इतका आनंद झाला की मी घाबरले. हे पुन्हा सुरू झालं वाटलं. आत जाऊन दार लावून बसले. पोरीला पेढासुद्धा भरवला नाही. कधीही बरं वाटलं की मी भ्यायची."

"अक्का," मी म्हणालो.

"तू जा आता."

मी उठलो.

त्यानंतर पाच महिने तिनं माझा फोन घेतला नाही. ती बरी आहे, गोळ्या कमी होत आल्यात, झोप चांगली लागते, हे मला डॉ. मुल्लांकडून कळायचं. रक्त ती दुसऱ्या लॅबमध्ये द्यायची. ती दाजींना काय म्हणाली ते मला माहीत नाही. पण दाजी ‘आजारच होता’ म्हणायचे थांबले, आणि पद्मश्रीला तिच्या आईनं फोनवर बरंच काही सुनावलं. पद्मश्री माझ्याशी कामापुरतं बोलू लागली.

भाद्रपदात दशलक्षण पर्व झालं. शेवटी आमच्यात सगळे एकमेकांची क्षमा मागतात. वर्षभरात मनानं, वाणीनं, कायेनं दुखावलं असेल तर उत्तम क्षमा. मीही सगळ्यांना पाठवला तो मेसेज तिला पाठवला. उत्तर आलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला ती लॅबमध्ये आली. एकटी, बसनं. पेशंटच्या खुर्चीत बसली. तिचा चेहरा भरला होता. गळ्यावरची ऑपरेशनची रेघ फिकट झाली होती.

"तुझा मेसेज आला," ती म्हणाली. "तसे बावन्न आले. मला वेगळं पाहिजे. माझ्या फाईलमधली ती ओळ काढायची आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, ज्यानं सांगितलं त्यानं लिहून दिलं तर नोंद दुरुस्त होते. तू लिहून दे."

मी कोरा कागद घेतला. तिच्यासमोर लिहिलं आणि दिलं. ‘सन २०२३ मध्ये माझ्या बहिणीच्या आजाराबाबत डॉक्टरांना काही चुकीची माहिती दिली गेली होती. परिस्थितीमुळे तसे घडले.’

तिनं पर्समधून लाल पेन काढलं.

"दिली गेली. कुणी दिली?"

"मी."

"मग इथं कर्ता कुठाय?" तिनं ते शब्द अधोरेखित केले. "आणि चुकीची म्हणजे? चूक वेगळी असते."

मी कागद माझ्याकडं ओढून ‘चुकीची’ खोडलं.

"आजाराबाबत काढ. परिस्थितीचं वाक्य सगळंच काढ. ती परिस्थिती मलापण होती." तिचा आवाज वर्गात असावा तसा होता, चढलेला नव्हता, उतरलेलाही नव्हता. "परत लिही."

मी दुसरा कागद घेतला. ‘सप्टेंबर २०२३ मध्ये मी, अभिनंदन आदिनाथ मगदूम, माझी बहीण त्रिशला हिच्याबद्दल डॉक्टरांना खोटं सांगितलं. ती कॉलेजात आजारी नव्हती. ती चार दिवस उपाशी राहिली, कारण तिला शिकायचं होतं.’

तिनं दोनदा वाचलं. "आता वाक्य झालं," ती म्हणाली. "खाली सही कर. तारीख घाल. आणि अजून एक प्रत लागेल."

"कुणासाठी?"

"अन्वितासाठी. ती आजारी आईला माफ करून गेलीय. मला माफी नकोय तिची. मी तिला घेऊन का निघाले होते, ते तिला कळायला पाहिजे. मग तिला यायचं तर येईल."

"आणि नाही आली तर?"

तिनं लाल पेनाला टोपण लावलं. बाहेर काउंटरवर कुणीतरी रिपोर्ट मागत होतं. मी दुसरा कागद पुढं ओढला आणि पहिल्यापासून लिहायला घेतलं. ती समोर बसून राहिली. मी खाली सही करत होतो तेव्हा तिनं विचारलं, "पद्मश्री कशी आहे?"

"बोलत नाही फारशी."

"बोलेल," अक्का म्हणाली, आणि कागदासाठी हात पुढं केला.